गल्लीतल्या रस्त्याचा खर्च: सगळ्यांच्या टॅक्समधून की त्या गल्लीकडूनच?
टॅक्समधून केलं तर ओझं सगळ्यांत वाटलं जातं, दरवर्षी थोडं थोडं, पण आधी कुठली गल्ली हे शेवटी ज्याचा आवाज मोठा त्यावर ठरतं. गल्लीकडून वसूल केलं तर पैसा त्याच रस्त्याला लागतो हे खरं, फक्त एकदम मोठी रक्कम अंगावर येते, पेन्शनवरच्या माणसाने काय करायचं? आणि प्लॉटची रस्त्याकडेची बाजू किती लांब त्यावर आकारणी असेल तर कोपऱ्यावरचा प्लॉटवाला बिचारा दोन्हीकडून भरू शकतो. त्यात लोक विरोध करत बसले की काम लांबतं आणि साध्या भेगा बुजवायचं काम अख्खा रस्ता उखडण्यावर जातं, ते कितीतरी महाग. माझ्या मते रोजची दुरुस्ती, डांबरीकरण टॅक्समधूनच. नवीन लेआउटचा पहिला रस्ता किंवा गल्लीनेच मागितलेले जादा दिवे वगैरे असतील तर गल्लीकडून, तेही हप्त्यांनी.