बारा कीबोर्ड, त्यातले खरे दोन

कुडाळमधल्या एका टायपिंग क्लासने पावसाळ्याच्या तोंडावर बारा कीबोर्ड घेतले. मेकॅनिकल (प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा सुटा स्विच), ब्लू म्हणजे निळा स्विच, हॉट-स्वॅप (स्विच उपटून बदलता येणारे), पीबीटी या प्लास्टिकच्या कीकॅप (बटणांची वरची टोपणं), दर नगाला १,७०० रुपये. विक्रेता मुंबईचा, ओळख मोबाईलवरच्या एका ग्रुपमधली. नमुन्याचा एक आधी आला, तो दोन दिवस बडवून बघितला, पसंत पडला. मग निम्मे पैसे यूपीआयने गेले आणि उरलेले अकरा रात्रीच्या लक्झरीने आले. पहाटे गाडी थांबते, क्लीनर खोकं खाली ठेवतो, उरलेले पैसे मोजून घेतो आणि गाडी गोव्याकडे निघून जाते. खोकं उघडून बघायला तिथे कोण थांबणार? वरचाच एक बोर्ड काढून, लॅपटॉपला लावून पाहिला. तोही नमुन्यासारखाच होता.

आंब्याच्या पेटीचा फक्त वरचा थर बघून पैसे देणारा माणूस कोकणात शोधून सापडणार नाही, पण इथे झालं ते तेच. बारापैकी खरे मेकॅनिकल आणि धडधाकट निघाले ते दोनच, नमुन्याचा आणि खोक्यात वर ठेवलेला. सात रबर डोमचे होते, म्हणजे बटणाखाली स्विचऐवजी रबराची टोपी. तीन मेकॅनिकल खरे, पण कधीतरी पाण्यात बुडून निघालेले. सात आणि तीन ही फसवणूक वेगवेगळ्या जातीची आहे आणि ती ओळखायची रीतही वेगळी, म्हणून आधी रबराचं.

फसतात ते कान आणि डोळे. ब्लू म्हणजे टिकटिक आवाज, आणि कीकॅप उपटली की खाली निळा अधिक-चिन्हासारखा दांडा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. हे रंग जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचपासून रूढ झाले. हा स्विच १९८० च्या दशकातला. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल्ह, औटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच बनवले आणि रंगांची वाटणीही तीच ठेवली: लाल म्हणजे सरळ, तपकिरी म्हणजे मधे हलका अडथळा, निळा म्हणजे अडथळा आणि आवाज. यात लबाडी काही नाही, औटेमूचा निळा स्विच स्वस्त असला तरी खरा स्विच आहे. पण रंग म्हणजे शेवटी प्लास्टिकमधला रंग. रबर डोमच्या बोर्डातही निळा दांडा ओतता येतो, त्याला अधिक-चिन्हाचा आकार देता येतो आणि दांडा खाली जाताना प्लास्टिकच्या एका कडेवर आपटून टिक् वाजेल अशी सोयही करता येते. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत कीकॅप उपटलेली होती, निळा दांडा दिसत होता, आवाजही खणखणीत होता. त्यातली एकही गोष्ट स्विच खरा असल्याचा पुरावा नव्हती. जाहिरातीत "मेकॅनिकल फील", "सेमी-मेकॅनिकल", "मेकॅनिकल टच" असलं काही लिहिलं असेल तर तो बोर्ड रबराचाच धरून चाला.

पुरावा असतो तो अक्षर कुठे उमटतं त्यात. खऱ्या एमएक्स धाटणीच्या स्विचमध्ये दांडा एकूण सुमारे ४ मिलिमीटर खाली जातो आणि संपर्क २ मिलिमीटरच्या आसपास जुळतो. चेरीच्या निळ्यात तो २.२ मिलिमीटरला जुळतो. म्हणजे अक्षर अर्ध्या वाटेवर उमटतं, आणि त्यानंतरही बटण आणखी खाली जायचं बाकी असतं. रबर डोममध्ये खाली दोन पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, रबराची टोपी कोसळून त्या एकमेकींना चिकटल्या की मगच अक्षर येतं. ते जवळजवळ तळाला. म्हणून नोटपॅड उघडा, एक बटण बोटाने अगदी सावकाश दाबत न्या आणि नजर पडद्यावर ठेवा. अक्षर आलं त्या क्षणी बोट थांबवा. खाली अजून जागा शिल्लक असेल तर स्विच खरा असण्याची शक्यता भक्कम. बोट तळाला टेकल्याशिवाय अक्षरच येत नसेल तर आवाज कितीही गोड असू दे, ते रबर आहे. निळ्या स्विचची आणखी एक खोड उपयोगी पडते. अक्षर उमटल्यावर बटण थोडंसंच वर सोडून परत दाबलं तर दुसरं अक्षर येत नाही, कारण संपर्क सुटायची जागा जुळायच्या जागेपेक्षा वर असते. वेगाने टाईप करणारे याला कंटाळतात, पण ओळख पटवायला ती कामाची आहे.

बोटाचा अंदाज नको असेल तर नाणी वापरा. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आणि दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे शेजारच्या कीकॅप आधी काढून घ्यायला हव्यात, नाहीतर नाणं त्यांच्यावरच टेकतं. मग एकावर एक नाणी हलकेच ठेवत जा. लाल स्विच ४५ सेंटिन्यूटनचा (एक सेंटिन्यूटन म्हणजे जवळपास एका ग्रॅमच्या वजनाचा जोर) धरला तर सहा नाण्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅमला अक्षर यायला हवं, आणि त्याआधीच दर नाण्यागणिक बटण थोडंथोडं खचताना दिसतं. निळ्याला ६० सेंटिन्यूटनच्या हिशेबाने आठ नाण्यांपर्यंत जावं लागतं, एखादं इकडे-तिकडे. स्वस्त स्विचमध्ये स्प्रिंगांचा फरक असतोच, त्यामुळे आकड्यावर हटून बसू नका, बटण कसं खचतं ते बघा. रबर डोम बराच वेळ जागचं हलत नाही आणि मग एका नाण्याला एकदम तळाला कोसळतं. कुडाळच्या त्या सातही बोर्डांनी हेच केलं.

तिसरी तपासणी नुसत्या नजरेची. चार-पाच कीकॅप काढा, सगळ्या एकाच कोपऱ्यातल्या नकोत. खरा स्विच ही एक सुटी डबी असते. ती धातूच्या प्लेटमधल्या १४ मिलिमीटरच्या चौकोनी भोकात बसते, तिच्याभोवती बारीक फट दिसते, वरचं झाकण कड्यांनी अडकवलेलं दिसतं आणि झाकणावर बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण असते. दांड्याच्या कडेने टॉर्च मारला तर आत स्प्रिंगची चकाकी दिसते. रबराच्या बोर्डात डबी अशी नसतेच. दांडा ज्या नळकांड्यात फिरतो ते वरच्या कव्हराबरोबर एकसंध ओतलेलं असतं. या बोर्डांबरोबर स्विच उपटायचा तारेचा चिमटाही खोक्यात आला होता. उपटायला स्विच नाही, पण चिमटा आहे! हॉट-स्वॅपचा दावा असेल तर खरोखर एक स्विच चिमट्याने उपटून बघा, दोन पिना सरळ बाहेर यायला पाहिजेत. स्वस्त बोर्डांतल्या काही सॉकेटमध्ये औटेमूच्या बारीक पिनाच बसतात, दुसऱ्या कंपनीचा स्विच जबरदस्तीने घुसवला की पिन दुमडते किंवा सॉकेट सैल होतं. नमुन्याचा बोर्ड याच जातीचा होता. तेवढ्यापुरता तो दावाही अर्धाच खरा.

कशावरून ठरवू नये तेही सांगायला हवं. वजनावरून नको, कारण रबराच्या बोर्डालाही वरून धातूचा पत्रा लावलेला असतो. रंगीत दिव्यांवरून तर मुळीच नको. स्पेसबार खडखडतो म्हणून बोर्ड खोटा ठरत नाही, खऱ्या स्वस्त बोर्डातही स्टॅबिलायझरची (लांब बटण दोन्ही टोकांना सारखं दाबलं जावं म्हणून असलेली) तार कोरडी असली की तो खडखडतोच, तिथे थोडं ग्रीस पुरतं. "५ कोटी वेळा दाबण्याची क्षमता" हे खोक्यावरचं वाक्य घेणाऱ्याला तपासता येत नाही, ते वाचलं काय आणि न वाचलं काय. आणि रबर म्हणजे टाकाऊ असंही समजू नये. जपानच्या टोप्रे कंपनीचे स्विच रबराच्या टोपीचेच आहेत आणि ते बहुतेक मेकॅनिकल बोर्डांपेक्षा महाग मिळतात. पाच-सहाशेचा साधा कीबोर्ड ऑफिसात वर्षानुवर्षं चालतो. फसवणूक आहे ती साधा कीबोर्ड १,७०० ला मेकॅनिकल म्हणून गळ्यात मारण्यात.

पीबीटीची खात्री मिठाने होते. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, त्यात कीकॅप सोडा आणि आतला हवेचा बुडबुडा बोटाने काढून टाका. एबीएस (कीकॅपचं दुसरं नेहमीचं प्लास्टिक) तरंगतं, पीबीटी बुडतं, कारण या पाण्याची घनता दोघांच्या मधे पडते. दारातल्या समुद्राचं पाणी आणून भागत नाही. ते तितकं खारं नसतं आणि त्यात एबीएसही बुडतं. तपासून झाल्यावर कीकॅप गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा. बाराही बोर्डांच्या कीकॅप तरंगल्या. कोकणातल्या घामट हातांखाली एबीएस लवकर गुळगुळीत होतं आणि चकाकायला लागतं, आणि सारखी बोटं पडणाऱ्या मधल्या ओळीत ते सगळ्यात आधी दिसतं.

आता ते तीन बुडालेले. हे जास्त वाईट, कारण वरच्या सगळ्या तपासण्यांत (मिठाची सोडून) ते पास झाले. पहिले काही आठवडे नीट चालले. पाऊस लागला तशी बटणं दोनदा उमटायला लागली. इंग्रजीत याचा त्रास एका जादा अक्षराचा. मराठी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत एस या बटणावर एकाराची मात्रा आहे आणि डी वर हलन्त, म्हणजे ही दोन्ही बटणं ओळीगणिक लागतात. मात्रा दोनदा पडली की दुसरी मात्रा बहुतेक वेळा टिंबांच्या वर्तुळावर लोंबताना दिसते, आणि सरावाच्या उताऱ्यात दर वेळी एक चूक मोजली जाते. शिकणाऱ्या मुलांना वाटत राहिलं की बोट आपलंच चुकतंय.

कारण साधं आहे. स्विचमधल्या धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकताना क्षणभर थरथरतात, आणि कीबोर्डचा चिपसेट सुमारे ५ मिलिसेकंद थांबून ती थरथर गाळून टाकतो. पातीवर गाळ किंवा गंज असला की थरथर त्याहून लांबते आणि एका दाबाची दोन अक्षरं होतात. भिजलेला बोर्ड अल्कोहोलने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवला की काही आठवडे छान चालतो. पण आत राहिलेला क्षार दमट हवेतलं पाणी ओढतो, आणि आपल्याकडे जुलैत हवेला दमटपणाची काय कमतरता? खाऱ्या वाऱ्यात किनाऱ्यालगत तर ते आणखी लवकर होतं.

विक्रेत्याने सांगितलं, विंडोजमध्ये फिल्टर कीज (लागोपाठ पटकन दाबलेलं तेच बटण दुर्लक्षित करणारी सोय) चालू करा. त्याने दोष झाकला जातो, बरा होत नाही, आणि "मम" किंवा इंग्रजीत लागोपाठ येणारी तीच दोन अक्षरं वेगाने टाईप केली तर खरंखुरं दुसरं अक्षरही गिळलं जातं. कोणी असा उपाय सुचवला तर तिथेच समजा की त्याला दोष माहीत आहे.

भिजलेला बोर्ड ओळखायचा तर स्पेसबार काढा. कीकॅप नव्या घालता येतात, कव्हर पुसता येतं, पण स्टॅबिलायझरची तार सहसा कोणी बदलत नाही. तिच्यावर तपकिरी गंज आणि तिच्या खाचेत मातीची बारीक रेघ असेल तर बोर्ड तिथेच परत द्या. मग यूएसबीच्या टोकात टॉर्च मारा, हिरवट किंवा पांढरी पूड दिसते का. तळाच्या स्क्रूच्या खाचा झिजल्या आहेत का, रबरी पाय काढून परत चिकटवलेत का. एकाच आडव्या किंवा उभ्या ओळीतली बटणं एकदम मेली असतील तर स्विच बदलून काही होत नाही, पीसीबीवरची, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावरची, रेघच खाल्ली गेलेली असते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा दुकानांत काय-काय भिजलं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे "ओपन बॉक्स" किंवा "गोडाऊन क्लिअरन्स" म्हटलं की इथल्या माणसाने तरी स्पेसबार काढल्याशिवाय पैसे काढू नयेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. खोक्यावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशात बनलं ते छापलेलं असायला हवं. वायरलेस असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर पासून सुरू होणारा नोंदणी नंबरही, आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षर-आकड्यांचा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. इथे नाव निघालं भलत्याच एका दुकानाचं.

पैसे देऊन माणूस गायबच झाला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. माल आला पण खोटा आला, तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. एक अडचण आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू होत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरला असेल तर मात्र होतो. क्लास किंवा डीटीपीवाल्याने तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहावं, नाहीतर पहिला आक्षेप तिथेच येतो.

नाण्यांच्या तपासणीचा सलग व्हिडिओ, जीएसटीच्या पानाचा फोटो आणि १९१५ चा तक्रार क्रमांक असं तिन्ही पाठवल्यावर विक्रेत्याने सात बोर्डांचे पैसे परत केले. तिघांचे नाही केले. ते आले तेव्हा चालत होते आणि भिजले ते तुमच्याकडेच, असं त्याचं म्हणणं, आणि त्यावर उत्तर देता येईना, कारण खोकं उघडतानाचं चित्रण कोणी केलं नव्हतं. पार्सलवरच्या चिठ्ठीपासून प्रत्येक बोर्डाचा स्पेसबार काढून दाखवेपर्यंतचा व्हिडिओ मधे न तोडता घेतला असता, तर ५,१०० रुपये मागायला काहीतरी हातात राहिलं असतं.