फिड्रिचचं एकच कार्ड घ्यायचं तर कोणतं? १९७७ की १९८१, सुटं की डबीबंद

माझा धाकटा दीर डेट्रॉइटजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याचे साहेब या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. मिशिगनमध्येच जन्मलेले, १९७६ साली अकरा वर्षांचे. जेवणाच्या सुट्टीत बेसबॉलचा विषय निघाला की त्यांची गाडी हमखास एकाच नावावर येऊन थांबते: मार्क फिड्रिच, डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा), सगळ्यांचा लाडका 'द बर्ड'. निरोपाच्या दिवशी त्यांना फिड्रिचचं कार्ड, म्हणजे पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याचे आकडे छापलेलं, लोक जमवतात ते पुठ्ठ्याचं कार्ड, द्यावं असं दिराच्या मनात आलं आणि त्याने मला फोन लावला. "वहिनी, एकच घ्यायचंय. पन्नासेक डॉलर काढलेत. कोणतं घेऊ?"

बारा वर्षं मी या एकाच माणसाची कार्डं जमवतेय. तरी फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर कार्डापेक्षा घेणाऱ्यावर जास्त अवलंबून आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी माणूस. फिड्रिच मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्थबरो गावचा. १९७४ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत टायगर्सनी त्याला दहाव्या फेरीत घेतलं, म्हणजे कुणी फार मोठ्या आशेने घेतलेला खेळाडू नव्हता. उंच, हडकुळा, टोपीखालून उसळणारे पिवळे कुरळे केस. कनिष्ठ संघातल्या एका प्रशिक्षकाला तो 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही मालिकेतल्या बिग बर्ड या उंच पिवळ्या पक्ष्यासारखा दिसला आणि ते नाव कायमचं चिकटलं.

१५ मे १९७६ रोजी ठरलेला पिचर आजारी पडला म्हणून याला पहिल्यांदा सुरुवातीपासून चेंडू टाकायला उभं केलं. नऊ इनिंगच्या (डावांच्या) सामन्यात क्लीव्हलँडला त्याने दोनच हिट, म्हणजे यशस्वी फटके, मारू दिले, टायगर्स २-१ ने जिंकले. पण लोक घरी जाऊन बोलले ते त्याच्या वागण्याबद्दल. तो गुडघ्यांवर बसून माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, माती हाताने सारखी करायचा, अंगण सारवणारी बाई खळगे बुजवते तशी, मन लावून. चेंडू तोंडाजवळ धरून बोलत राहायचा. सोबतच्या खेळाडूने चांगला चेंडू अडवला की माउंड सोडून जाऊन त्याचा हात हातात घ्यायचा. समोरच्याने हिट मारला की तो चेंडू पंचांना परत द्यायचा. या चेंडूत अजून हिट शिल्लक आहेत, त्याला बाकीच्या चेंडूंच्या संगतीत टाका, म्हणजे वळणावर येईल, असं त्याचं म्हणणं. यात दिखावा नव्हता, तो मुळात तसाच होता, हे समोरच्या संघातल्यांनाही हळूहळू कळलं.

२८ जून १९७६ ची सोमवारची रात्र. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा सामना देशभर टीव्हीवर दाखवला गेला. टायगर स्टेडियममध्ये ४७ हजारांवर लोक होते. दोन तासांच्या आत फिड्रिचने ५-१ असा सामना संपवला आणि माणसं जागची हलेनात. तो पुन्हा मैदानात येईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. माझ्या पहिल्या शेजारीणबाई त्या रात्री तिथे होत्या. आवाजाने लाकडी खुर्ची हातांखाली थरथरत होती, असं सांगताना त्या अजूनही तळवे उताणे करून दाखवायच्या.

त्या वर्षी १९ विजय, ९ पराभव, २.३४ ची ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी इतक्याच धावा दिल्या. मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगमध्ये सर्वांत कमी. २४ सामने त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याची सुरुवात त्याने केली, रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) तोच झाला, सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्कारात जिम पामरच्या मागे दुसरा आला. पगार मात्र नवख्या खेळाडूचा किमान, १६,५०० डॉलर.

आता कार्डं.

सगळे ज्याला 'रूकी कार्ड', म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, म्हणतात ते टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीचं १९७७ चं, क्रमांक २६५. ६६० कार्डांच्या संचातलं. वर संघाचं नाव, कोपऱ्यात छोट्या पताकेवर त्याची मैदानातली जागा (पिचर), फोटोवर छापील सही, आणि पहिल्याच वर्षी चमकलेल्यांना टॉप्स देत असे तो सोनेरी चषक. मागची बाजू करड्या पुठ्ठ्यावर हिरव्या शाईत. माझ्याकडची प्रत त्याच शेजारीणबाईंच्या गराज सेलमधल्या बुटांच्या खोक्यातून आली. तिच्या मागे एक फिकट चौकोनी डाग आहे. तेव्हा पाकिटात च्युइंगमची सपाट पट्टी असायची, तिला चिकटून राहिलेल्या कार्डावर असा डाग पडायचा. नाकाजवळ नेलं तर वास येत नाही, पुठ्ठ्याचाच येतो, पण मी दर वेळी नेते.

या कार्डाची जमेची बाजू सरळ आहे. ते त्या उन्हाळ्याचंच कार्ड आहे. मागे मेजर लीगची एकच ओळ, १९७६ ची, आणि ती ओळ अशी की वाचणाऱ्याला पुढे काय काय होईल याची हाव सुटावी. शिवाय ते दुर्मीळ नाही. टॉप्सने त्या काळात अमाप कार्डं छापली, त्यामुळे बरी सुटी प्रत आजही काही डॉलरांत मिळते. घेताना चारही बाजूंचे पांढरे काठ सारखे आहेत का, एवढं आधी बघा. या संचात छपाई एका बाजूला सरकलेल्या प्रती खूप आहेत. मग चेहऱ्यावर छपाईचे ठिपके नाहीत ना, ते बघा. कोपरे थोडे मऊ झालेले असले तर मी ते दोष धरत नाही. कुणा पोराच्या खिशात ते कार्ड राहिलेलं असतं.

याच संचात सातव्या क्रमांकाचं एक कार्ड आहे, ईआरएमध्ये पहिल्या आलेल्या दोघांचं: अमेरिकन लीगचा फिड्रिच आणि नॅशनल लीगचा जॉन डेनी. स्वस्त मिळतं. मुख्य कार्डासोबत छान, एकटं द्यायला अपुरं.

त्याच वर्षीची आणखी तीन नावं शोधताना तुमच्यासमोर येतील. कॅनडात ओ-पी-ची कंपनी टॉप्सच्या परवान्याने कार्डं छापायची, मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत. संख्या कमी, म्हणून जमवणाऱ्यांना हवंसं, पण कडा बऱ्याचदा खडबडीत कापलेल्या. मिशिगनच्या माणसाच्या बालपणात हे कार्ड बहुधा नव्हतंच, त्यामुळे दिराच्या कामाचं नाही. केलॉग्जच्या सीरियलच्या डब्यातून आलेलं त्रिमितीय कार्ड हातात हलवलं की मागची पार्श्वभूमी सरकल्यासारखी वाटते, बघायला फार गोड. पण वरचा रेघांचा प्लास्टिकचा थर वर्षानुवर्षं आक्रसत गेला की कार्ड वळतं आणि थराला तडे जातात. फोटोत तडे दिसत नाहीत, विकणाऱ्याला उजेडात तिरपं धरून फोटो पाठवायला सांगा.

तिसरं होस्टेसचं, माझं मन अडकलेलं. केकच्या खोक्याच्या तळाशी तीन-तीन कार्डांची पट्टी छापलेली असायची आणि ती घरच्या कात्रीने कापायची. त्यामुळे कोणतीही दोन होस्टेस कार्डं सारखी नसतात. एकात तुटक रेघ अर्धी राहिलेली, एकात खांद्याचा कोपरा गेलेला. ग्रेड देणाऱ्यांच्या दृष्टीने हे नुकसान. मला त्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेलं पोर दिसतं. ज्याच्या घरी तेव्हा हे केक यायचे त्याला हेच द्या, पण ते आधी विचारून घ्यावं लागेल.

१९७८, १९७९, १९८० ही टॉप्सची कार्डं मी झटकन ओलांडते. वाईट नाहीत, पण एकच घ्यायचं असेल तर यांच्यात थांबायचं कारण नाही.

१९८१ चं टॉप्स, क्रमांक १५०, ही वेगळी गोष्ट. पुढे कोपऱ्यात संघाच्या नावाची छोटी टोपी. किंमत जवळपास नाहीच, जुन्या कार्डांच्या दुकानात किरकोळीच्या खोक्यात सापडतं. पण उलटं करा आणि विजयांचा रकाना वरून खाली वाचा: १९, ६, २, ०, २.

मधे काय झालं ते ठाऊक असेल तर हा रकाना वाचवत नाही. १९७७ च्या वसंतात, जेव्हा पोरं दुकानांत पाकिटं फोडून त्याचं कार्ड शोधत होती, तेव्हाच फ्लोरिडातल्या लेकलँडच्या सराव शिबिरात उंच चेंडू झेलताना त्याचा गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यात तो परत आला, सुंदर खेळला, आणि जुलैच्या सुरुवातीला बाल्टिमोरविरुद्ध चेंडू टाकताना हातातला जीवच गेल्यासारखं त्याला वाटलं. १९७८ ते १९८० या तीन मोसमांत मिळून तो मेजर लीगमध्ये जेमतेम सोळा सामने खेळला. खांद्याचा स्नायू फाटलाय हे निदान झालं १९८५ साली, त्याने खेळ सोडल्यानंतर. आजच्यासारखी तपासणी तेव्हा असती तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. बावीस वर्षांच्या पोराकडून एका मोसमात अडीचशे इनिंग टाकून घेतल्या, त्याचंही मला वाईट वाटतं, जरी त्या काळी ते कुणाला वावगं वाटत नव्हतं.

म्हणून माझा कौल दोन भागांत आहे. ज्याने तो उन्हाळा पाहिला त्याला १९७७ चं द्या. त्याला पुढचं सगळं पाठ आहे, त्याला परत हवाय तो जून महिना. आणि आपल्यासारखी माणसं, जी पुण्या-नाशिकहून तिशीत इथे आली आणि ज्यांनी फिड्रिच फक्त ऐकला, त्यांनी १९८१ चं आधी घ्यावं. एकाच पुठ्ठ्यावर पूर्ण माणूस कळतो. मी उलटं केलं होतं. १९७७ चं कार्ड मिळून तीन वर्षं झाली तरी मला तो एक गमतीशीर खेळाडूच वाटत होता.

आता सुटं की डबीबंद? ग्रेड देणाऱ्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद करतात. नऊ-दहा गुणांचं १९७७ चं कार्ड महाग जातं, मधल्या गुणांचं फारसं नाही. सुटं घेऊन स्वतः ग्रेडिंगला पाठवायचा विचार असेल तर नको, या कार्डाच्या बाबतीत तो खर्च बहुतेक वेळा कार्डापेक्षा जास्त होतो. पैसा गुंतवायचा असेल तर आधीच ग्रेड केलेलं, वरच्या गुणांचं घ्या. भेट द्यायची असेल तर सुटं घ्या. जो माणूस अकरा वर्षांचा असताना हे कार्ड बोटांत धरून झोपला असेल, त्याला ते काचेआडून दाखवू नये.

सहीचं कार्ड घ्यावं का? इथे मी पोळले आहे. सुरुवातीच्या काळात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'सही असलेलं १९७७ चं फिड्रिच' म्हणून कार्ड घेतलं. आलं तेव्हा भिंग लावून पाहिलं: ती टॉप्सची छापील सही, प्रत्येक प्रतीवर असते ती. पैसे परत मिळाले नाहीत. खरी सही शाईची असते, कार्ड तिरपं केलं की चमक वेगळी दिसते आणि रेघ छपाईच्या बारीक ठिपक्यांची नसते. फिड्रिच हात आखडून सही देणारा नव्हता, त्यामुळे अस्सल सह्या मिळतात. २००० नंतरच्या काही संचांत कार्ड कंपन्यांनीच त्याच्याकडून करवून घेतलेल्या सह्याही आहेत. खात्रीचं प्रमाणपत्र असेल तरच घ्या. पन्नास डॉलरांत जमण्याची शक्यता आहे, पण घाई करू नका. नवीन सह्या आता येणार नाहीत. १३ एप्रिल २००९ रोजी नॉर्थबरोच्या आपल्या शेतावर स्वतःच्या ट्रकखाली दुरुस्ती करताना तो गेला. ५४ वर्षांचा होता. खेळ सुटल्यावर त्याच ट्रकने खडी-माती वाहून त्याने संसार केला होता.

सप्टेंबर १९९९ मध्ये टायगर स्टेडियमचा शेवटचा सामना झाला, तेव्हा जुन्या खेळाडूंना एकेक करून मैदानात बोलावलं. फिड्रिच पळत माउंडवर गेला, गुडघ्यांवर बसला आणि पिशवीत माती भरून घेऊ लागला. ते स्टेडियम आता नाही, मिशिगन आणि ट्रंबल या रस्त्यांच्या त्या कोपऱ्यावर मुलांचं मैदान आहे आणि खाली कृत्रिम हिरवळ. साहेबांना कार्ड द्यायच्या आधी त्यांना घेऊन एकदा तिथे जाऊन ये, असं मी दिराला सांगितलंय.

परवा त्याचा मेसेज आला. १९७७ चं सुटं घेतलंय, काठ सारखे, खालचा उजवा कोपरा किंचित दबलेला. उरलेल्या पैशांत त्याने स्वतःसाठी १९८१ चं घेतलं. दोन्हींसाठी पातळ प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर कडक कव्हर घे, आणि मऊ, वास येणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या पाकिटात अजिबात ठेवू नकोस, शाई चिकटते, एवढं त्याला लिहून पाठवलं. लगेच त्याने १९८१ च्या कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. खाली एकच शब्द होता: "वहिनी."