सोडा मशीन, आठ महिन्यांनंतर: घेणार असाल तर वजनकाटा पण घ्या

काल रात्री मशीनचं पाचवं सिलिंडर, पाण्यात मारायच्या कार्बन डायऑक्साइडचं, बसवलं आणि बसवायच्या आधी सवयीप्रमाणे काट्यावर ठेवलं, ११७९ ग्रॅम. बायको म्हणाली लग्नाचं सोनं घेताना पण तू इतक्यांदा वजन बघितलं नव्हतंस. खरंय, पण सराफाने मला ८७ ग्रॅम कमी दिलं नव्हतं ना. रिव्ह्यू लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मशीन कसं दिसतं, रंग कुठले, बटण किती वेळा दाबायचं हे सगळं तुम्ही व्हिडिओत बघितलेलं असणारच, ते सोडून देतो. फेब्रुवारीच्या शेवटी ६,४०० ला घेतलं. कारण एकच, आमच्याकडे जेवण झालं की लिंबू-सोडा लागतोच, बाबांना ढेकर आल्याशिवाय जेवलो असं वाटत नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ७५० मिलीची बाटली २० रुपयांना आणून आणून बाल्कनीत रिकाम्या बाटल्यांचा डोंगर झाला होता.

पहिले दोन महिने मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो की घ्या. साधं नळाचं पाणी, फिल्टरमधून काढलेलं, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायचं आणि सकाळी गॅस मारायचा. पाणी थंडच हवं बरं का, ह्यात कंजुषी नको. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात माठातलं पाणी वापरलं तर सोडा कसला, नुसतं मिणमिणीत काहीतरी. कारण सोपं आहे, साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशाच्या आसपासचं पाणी लिटरला सव्वातीन ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं आणि २५ अंशांचं पाणी जेमतेम दीड. दुपटीपेक्षा जास्त फरक, गॅस तेवढाच खर्च.

मग प्रयोग सुरू झाले. अमृत कोकमात साध्या पाण्याऐवजी सोडा, हे तर कोणीही करेल. पण कोकमाचं आगळ, म्हणजे साखर नसलेलं, खारट, ते दोन चमचे, त्यात आल्याचा रस अर्धा चमचा आणि थोडी साखर विरघळवून वरून सोडा, हे ज्याने पहिल्यांदा प्यायलं तो दुसरा ग्लास मागतोच. आई सुरुवातीला "गॅसचं पाणी मला नको" म्हणत होती, ती आता दुपारी झोपून उठली की "जरा तुझं ते करतोस का" म्हणते. जिरा सोडा बाहेरच्यासारखा जमायला मात्र पंधरा दिवस गेले. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ सोड्यात वरून टाकलं की भस्सकन सगळं ओट्यावर येतं, कारण प्रत्येक कणाभोवती बुडबुडे जमतात आणि गॅस पळून जातो. आधी लिंबाच्या रसात पूड आणि मीठ भिजवायचं, ग्लास तिरका धरायचा, कडेने सोडा सोडायचा आणि एकदाच, फक्त एकदाच, चमच्याने खालून वर घ्यायचं. जास्त ढवळलंत तर तुमचा तुम्ही सरबत प्या.

हे सगळं शिकायच्या आधी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी जे केलं ते सांगायला हवं. आंबेडाळ आईने केली, पन्हं माझ्याकडे दिलं, आणि मी शहाणपणा करून तयार पन्हं, गुळाचं, वेलची घातलेलं, सरळ मशीनच्या बाटलीत भरून बटण दाबलं. पुस्तिकेत ठळक लिहिलंय की फक्त पाणीच भरा, पण पुस्तिका कोण वाचतं. पहिल्या दाबाला काही नाही, दुसऱ्याला बाटलीतून जे उसळलं ते छताला, ट्यूबलाइटला आणि आईच्या हळदीकुंकवासाठी काढलेल्या साडीला. बायका हॉलमध्ये आणि मी स्टुलावर उभा राहून छत पुसतोय. छतावर डाग अजून आहे, दिवाळीला रंग देऊ असं ठरलं होतं, तेही राहिलं. पन्ह्याचा गर घट्ट ठेवायचा, ग्लासात तळाला दोन चमचे, मग वरून सोडा, ही खरी पद्धत. आणि तसं केलेलं पन्हं मात्र, काय सांगू, पुण्याच्या त्या आइस्क्रीमवाल्या मस्तानीला लोक उगाच डोक्यावर घेतात.

आता मूळ मुद्दा. किती लिटर झाले हे मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करून मोजतो, दुधाचा खाडा मांडतात तसं. मशीनबरोबर आलेलं पहिलं सिलिंडर ४२ लिटर गेलं. खोक्यावर साठ लिटरपर्यंत लिहिलंय, ते सोडा, साठ काढायचे तर पाण्याला गॅसचा नुसता वास द्यावा लागेल. ४० ला मी खूश होतो. रिकामं देऊन भरलेलं घ्यायचे ८५० रुपये. ते दुसरं ३१ लिटरला संपलं.

इथून माझं डोकं फिरलं. सिलिंडरच्या गळ्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, माझं ७६० ग्रॅम होतं, आत गॅस ४२५. म्हणजे भरलेलं ११८५ भरायला हवं, चौथीतल्या मुलाला येईल असं गणित. तिसरं आणलं, त्याच्यावरही ७६० च होतं, घरी येऊन पोळ्यांची कणीक मोजायच्या काट्यावर ठेवलं, १०९८. परत ठेवलं. १०९८. बाबांना बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काटा, सिलिंडर आणि काट्याची खात्री म्हणून एक किलो मिठाचा सीलबंद पुडा पिशवीत घालून दुकानात गेलो, तर एक वाजून दहा मिनिटं झालेली. चारपर्यंत बंद. स्कूटरवरून परत घरी, कारण मेच्या उन्हात डिकीत भरलेलं सिलिंडर ठेवून हिंडणं बरं नव्हे, ३१ अंशांच्या वर हा गॅस द्रवरूप राहतच नाही आणि आतला दाब वाढत जातो. चारला परत गेलो. दुकानदार काका म्हणाले, "साहेब, एकोणीस-वीस होतंच." मी म्हटलं काका, एकोणीस-वीस म्हणजे विसात एक कमी, तुम्ही पाचात एक कमी दिलाय. मग म्हणाले घरचा काटा काय खरा. पुडा ठेवला, १००४ आला, प्लॅस्टिकसकट. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या एक काकू म्हणाल्या माझं पण बघा हो. शेवटचं म्हणून काकांनी सेफ्टी काढली, उन्हाळ्यात कमीच भरतात म्हणे. आता ही गोष्ट अर्धी खरी आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते. सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, उन्हात फुगायला जागा ठेवतात, पण ती जागा सोडूनच ४२५ हा आकडा छापलेला असतो. त्यातून पुन्हा ८७ काढायचे म्हणजे माझ्या १७४ रुपयांची सेफ्टी. काकांनी आतून दुसरं आणून ठेवलं, ११७१ भरलं, ते घेऊन आलो. घरी येईपर्यंत मी मनात एक स्टार देऊन टाकला होता.

आणि ते, चांगलं भरलेलं, माझ्या डोळ्यांदेखत मोजलेलं सिलिंडर ३३ लिटरला संपत आलं.

म्हणजे इथे मत बदलावं लागलं, काय करणार. शेवटच्या दिवसांत अख्खं मशीनच बाटली काढून काट्यावर ठेवायला लागलो, सोडा करायच्या आधी एकदा, नंतर एकदा. दर बाटलीला १२-१३ ग्रॅम जात होते, जायला हवेत १० च्या आसपास. मग एकदा बटण दाबताना मागच्या बाजूला हात धरला तर बोटांना गारेगार फुंकर. सिलिंडर जिथे बसतं तिथला वॉशर. सर्व्हिस सेंटरला नेलं, त्याने उघडूनही न बघता सांगितलं वरचा पूर्ण हेड बदलावा लागेल, १,८०० रुपये, वॉशर सुटा येत नाही. पुण्यातल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, तिसऱ्या दुकानात एका चाचांनी जुना वॉशर बोटात धरून वाकवला, तो वाकेचना, "कडक झालाय, पाव्हणं" म्हणाले आणि त्याच मापाचा पंधरा रुपयांना दिला. तेव्हापासून बाटलीला दहा ग्रॅम. चौथं सिलिंडर बरोब्बर ४० लिटर गेलं.

म्हणजे दुसरं सिलिंडर काकांनी कमी भरून दिलं होतं का माझंच मशीन पीत होतं, हे आता कधीच कळायचं नाही. ८७ ग्रॅम मात्र त्यांचेच, त्यावर मी ठाम आहे.

गंमत म्हणजे सोडा हा आधीपासूनच रबरावर अडलेला आहे. गोटी सोड्याची बाटली, हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली, त्यात आतला गॅसच गोटीला वर ढकलून गळ्यातल्या रबरी रिंगवर दाबून धरतो. रिंग गेली की सोडा गेला. दीडशे वर्षं झाली, माझे १,८०० रुपये पण त्याच रिंगवर जाणार होते.

हिशोब करून टाकू. सिलिंडर ४० लिटर गेलं तर लिटरला सव्वाएकवीस रुपये. दुकानातला लिटरला पावणेसत्तावीसच्या आत-बाहेर. वाचले साडेपाच. ३१ लिटरवाल्या सिलिंडरला मात्र लिटरला २७ रुपये ४० पैसे पडले, म्हणजे घरी मेहनत करून दुकानापेक्षा महाग सोडा. साडेपाच रुपयांनी मशीनचे पैसे वसूल करायला जवळजवळ १,१८० लिटर लागतात, आमच्या वेगाने जवळजवळ साडेपाच वर्षं. आणि बाटलीवर, नीट बघा, बुडाशी एक्सपायरी डेट आहे! दोन वर्षांनी संपणारी. दाबाची बाटली आहे, प्लॅस्टिक थकतं, हे पटतं मला, गरम पाण्याने धुवायची नाही हेही पटतं, वाकडी होते. पण पैसे वसूल व्हायच्या आधी बाटली निवृत्त होणार आणि नवीन जोडी ९०० ला, हे विकताना कोणी सांगत नाही.

तरी विकणार नाहीये. त्याला कारण भजी. जुलैत एकदा धो धो पाऊस, कांदे चिरलेले, आणि बायको म्हणाली सोडा दे. मी ऐकलं सोडा, दिली बाटली, तिला हवा होता खायचा सोडा. तिने वैतागून तोच थंडगार सोडा बेसनात ओतला, पीठ जेमतेम कांद्याला धरेल इतकंच, आणि लगेच कढईत. भजी अशी हलकी आणि कुरकुरीत की बाबा म्हणाले भजी खायला सिंहगडावर आता चढायचं कशाला. तेल पण कमी प्यायली. पीठ भिजवून ठेवलंत तर गॅस उडून जातो, आधी तेल तापवा, मग सोडा ओता. तेव्हापासून कोथिंबीर वडीचं सोडून सगळ्या पिठांत हाच.

गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा टँकरच्या पाण्याचा करून बघितला, घशाशी खारट लागतो, करू नका.

स्टार द्यायचेच तर तीन. मधे एक होता, मार्चमध्ये पाच होते.

हो, आणि पाचवं सिलिंडर आणायला गेलो तर काकांच्या काउंटरवर नवा कोरा काटा. मला बघून त्यांनीच न बोलता सिलिंडर उचलून त्यावर ठेवलं, ११८१. घरच्या काट्यावर ११७९ आलं ते वर लिहिलंच आहे. दोन ग्रॅम. मी काही बोललो नाही तिथे, मिठाचा पुडा घरी राहिला होता.