पेंड्रॅगनची नवी आवृत्ती: फाशांवर चालणारा आर्थरचा दरबार

फोंड्यातील आमचा गट गेला पावसाळाभर रविवार दुपारी ‘पेंड्रॅगन’ या भूमिकाखेळाची (प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि सारे मिळून कथा रचतात, अशा खेळाची) सहावी आवृत्ती खेळत होता. कॅरॅक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद), फासे आणि गेम मास्टर (खेळाचा सूत्रधार) घेऊन बसणाऱ्यांची संख्या गोव्यात वाढत असली, तरी ब्रिटनच्या राजा आर्थरच्या दंतकथेवर बेतलेल्या या खेळाकडे वळणारे फारच थोडे आहेत. नवी पुस्तके आणि त्यांच्याभोवती चाहत्यांनी उभे केलेले साहित्य या दोहोंविषयी मराठीत कोणीतरी सविस्तर लिहायला हवे होते, म्हणून हा परिचय.

ग्रेग स्टॅफर्ड यांनी हा खेळ रचला आणि केऑसियम या प्रकाशनसंस्थेने तो 1985 मध्ये प्रथम बाजारात आणला. खेळाचा मुख्य आधार असलेला टॉमस मॅलरी या इंग्रज लेखकाचा आर्थरग्रंथ विल्यम कॅक्स्टन यांनी 1485 मध्ये छापला होता. म्हणजे बरोबर पाचशे वर्षांनी ती कथा फाशांवर आली. मधल्या काळात खेळाचे हक्क अन्य प्रकाशकांकडे गेले आणि 2018 मध्ये ते केऑसियमकडे परतले. त्याच वर्षी स्टॅफर्ड यांचे निधन झाले. ज्या सहाव्या आवृत्तीवर ते अखेरपर्यंत काम करत होते, ती पुढे डेव्हिड लार्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केली. 2023 मध्ये नवख्यांसाठीचा स्टार्टर सेट आला आणि 2024 मध्ये मूळ नियमपुस्तक.

नियमपुस्तकाचे खरे बळ स्वभावगुणांच्या तेरा जोड्यांमध्ये आहे. दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, प्रामाणिक आणि कपटी, शूर आणि भित्रा अशा या जोड्या असून प्रत्येक जोडीतील दोन आकड्यांची बेरीज नेहमी वीस होते. दया तेरा असेल तर क्रौर्य सात. त्यांच्या जोडीला निष्ठा, प्रेम, द्वेष, आतिथ्य अशा तीव्र भावना असतात आणि त्यांनाही आकडे असतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा. आपल्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी पडले तर यश, नेमका तोच आकडा पडला तर असामान्य यश. दोन बाजू एकमेकींविरुद्ध असतील आणि दोन्ही यशस्वी ठरल्या, तर ज्या फाशावर मोठा आकडा पडला ती बाजू जिंकते. इतका साधा नियम माणसाच्या मनातले द्वंद्व किती नेमके पकडतो, हे खेळल्याशिवाय कळत नाही.

आमच्याच खेळातील एक प्रसंग सांगतो. एका खेळाडूच्या नाइटच्या, म्हणजे सरंजामी योद्ध्याच्या, मनात ब्रिटनवर चालून आलेल्या सॅक्सन लोकांविषयीचा द्वेष पंधरा होता आणि आतिथ्यही पंधरा. वादळी रात्री तो एका सरदाराच्या गढीवर आश्रयाला गेला आणि जेवणाच्या पंगतीत समोर सॅक्सन दूत बसलेला दिसला. दोन्ही भावनांसाठी फासे टाकले. आतिथ्याचे नऊ पडले आणि द्वेषाचे चौदा. दोन्ही यशस्वी, पण चौदा मोठे, त्यामुळे यजमानाच्या घरात तलवार उपसली गेली. त्या खेळाडूला स्वतःला हे मुळीच नको होते, आणि नेमक्या याच कारणाने पुढचे कित्येक रविवार त्या नाइटची लाज, त्याचे प्रायश्चित्त आणि यजमानाच्या मुलांनी धरलेला डूख हाच आमच्या कथेचा कणा झाला. पात्राचा स्वभाव खेळाडूच्या हातून असा निसटू देण्याचे धैर्य मला दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळलेले नाही. ज्यांना आपल्या पात्रावर पूर्ण ताबा हवा असतो त्यांना हे जाचक वाटेल, याची कल्पना त्यांना आधीच द्यावी.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे विंटर फेज, अर्थात हिवाळ्याचा टप्पा. साधारणपणे एका बैठकीत एक मोहीम आणि एका मोहिमेत एक वर्ष सरते. मग हिवाळा येतो. त्यात कौशल्ये वाढतात, जहागिरीचा हिशेब होतो, लग्ने जुळतात, मुले जन्मतात, घोडे मरतात आणि पस्तिशी ओलांडलेल्या नाइटचे शरीर थकू लागते. वडिलांची ढाल मुलाच्या हाती जाते आणि खेळ पुढे चालतो. भीष्मापासून परीक्षितापर्यंतच्या पिढ्यांची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही.

नियमपुस्तक देखणे आहे आणि मांडणी स्पष्ट आहे, पण ते प्रामुख्याने खेळाडूंसाठी आहे. गेम मास्टरचे साहित्य वेगळ्या पुस्तकात दिल्यामुळे नव्या गटाचा खर्च वाढतो, आणि हा निर्णय मला पटलेला नाही. म्हणूनच प्रथम स्टार्टर सेट घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात नियमांची पुस्तिका, तयार पात्रे, फासे आणि लढाईसाठी पत्ते आहेत, शिवाय ‘द स्वोर्ड कॅम्पेन’ ही आर्थर दगडातून तलवार उपसतो तिथपासून सुरू होणारी सलग कथा आहे. त्याहीआधी चाचपून पाहायचे असेल तर ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ग्रेट हंट’ ही मोफत क्विकस्टार्ट पुस्तिका एका दुपारी खेळून होते.

दीर्घ खेळासाठी मात्र जुन्या पाचव्या आवृत्तीकडे जावेच लागते. 2006 साली आलेले ‘द ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन’ इसवी सन 485 पासून, म्हणजे आर्थरचा पिता उथर याच्या राजवटीपासून, सुमारे ऐंशी वर्षांचा पट वर्षागणिक मांडते. थोडे आकडे जुळवून घेतले की ते नव्या नियमांवर चालते. इथे चाहत्यांच्या साहित्याची खरी गरज भासते, कारण इतक्या वर्षांत कोणाची बहीण कोणाला दिली आणि कोणते वैर कुठून आले हे ध्यानात ठेवणे गेम मास्टरच्या आवाक्याबाहेर जाते. चाहत्यांनी बनवलेली वंशवृक्षांची कोष्टके, जहागिरीच्या हिशेबाची एक्सेल पत्रके आणि इंग्लंडमधील सॅल्सबरी परगण्याचे नकाशे यांनी आमची अनेक तासांची मेहनत वाचवली. स्टॅफर्ड यांनी स्वतः लिहिलेली जुनी टिपणेही इंटरनेटवर वाचायला मिळतात आणि ती आवर्जून वाचावीत. नियम तसा का आहे, याचे उत्तर तिथे सापडते.

‘द कम्पॅनियन्स ऑफ आर्थर’ या नावाखाली चाहत्यांना स्वतःच्या मोहिमा रीतसर विकता येतात. त्यांचा दर्जा समान नाही. केवळ राक्षस मारायला लावणाऱ्या मोहिमा बाजूला ठेवाव्यात आणि ज्यांत निष्ठा व प्रेम यांपैकी एकाची निवड करावी लागते त्या उचलाव्यात.

आपल्याकडच्या खरेदीविषयी थोडेसे. परदेशातून येणाऱ्या जाड पुस्तकाचा टपालखर्च जबर असतो, आणि पावसाळ्यात गोव्यातल्या दमट हवेत गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात, बांधणीवर बुरशी येते. त्यामुळे पीडीएफ घेऊन फक्त कॅरॅक्टर शीट आणि विंटर फेजची पाने छापून घ्यावीत. छापील प्रत हवीच असेल तर ती प्रकाशकाकडूनच मागवावी, कारण तिच्याबरोबर पीडीएफ विनामूल्य मिळते आणि पार्सल येईपर्यंत पहिले दोन हिवाळे सहज खेळून होतात.