नदीकाठाला काँक्रीटची भिंत की जाळीतले दगड?

कोल्हापूरच्या पंचगंगेच्या काठाला ज्यांची मळी, म्हणजे गाळाची जमीन आहे त्यांना ठाऊकच आहे, काठ पूर चढताना कमी आणि ओसरताना जास्त तुटतो. पूर असतो तोवर नदीचं पाणीच काठाला रेटून धरतं. पातळी झपाट्यानं उतरली की तो आधार जातो, आतली माती मात्र पाणी पिऊन जड झालेली असते, आणि उभा काठ उसासकट खाली बसतो. २०१९ च्या पुरानंतर आमची कडेची पट्टी अशीच गेली. त्यामुळं बांधकाम कुठलंही करा, मातीतलं पाणी बाहेर कसं पडणार हे आधी विचारा.

मी पहिल्यांदा काँक्रीटची भिंत घातली. ती वाईट असं म्हणणार नाही. जागा कमी खाते, आणि मोटरीच्या कट्ट्याजवळ आजही तीच बरी असं मला वाटतं. मला वैताग आणला तो पाणी निघायच्या भोकांनी. भिंतीत पीव्हीसीचे पाइप सोडले होते. २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर, जिथं नदीची पातळी मोजतात, पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी ४३ ची. पाणी उतरल्यावर बघतो तर प्रत्येक पाइपात पोयटा गच्च बसलेला. मी आणि धाकटा भाऊ चिखलात गुडघाभर उभे राहून सळईनं एकेक भोक टोकरत होतो. मोकळं झालं की गढूळ पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर. खालची रांग तर गाळातच पुरलेली, तिथं सळई पोचेना. तिसऱ्या दिवशी भिंतीनं मधोमध पोट काढलं. पाइपामागं खडीचा थर नीट घातला असता तर कदाचित टळलं असतं, हे कबूल. पण दर पुरानंतर ऐन वेळेला भोकं कोण टोकरत बसणार?

तेवढा भाग पाडून तिथं गॅबियन घातलं, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड. इथं वेगळी भोकं लागत नाहीत, दगडांच्या फटीतून सगळीकडून निचरा होतो. २०२४ च्या जुलैत नदीनं धोका पातळी ओलांडली, तेव्हा पाणी ओसरताना जाळीच्या तोंडातून दोन-तीन दिवस पाझर चालू होता. एक पेटी चार बोटं खचली, बाकीच्या जागेवर. काँक्रीटला एवढ्यात तडा गेला असता, जाळी वाकून बसली.

त्रास यातही आहे. रुंदी जास्त, म्हणजे उसाची एखादी सरी सोडावी लागते. तार कधीतरी गंजणार, आणि पुरात वाहून आलेलं झाड जाळी फाडू शकतं. शिवाय कामावर स्वतः उभं राहावं लागतं. दगड काळा आणि जाळीच्या भोकापेक्षा मोठाच हवा, दर्शनी बाजूचा हातानं रचलेला हवा. वरून नुसता ओतला तर पेटी फुगते. पाठीमागं जिओटेक्स्टाईलचं, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड विसरू नका, नाहीतर फटीतून मळीच निघून जाते.

काठ उतरता असेल तर या दोन्हींच्या आधी वाळा किंवा बांबू लावून बघा, स्वस्तात काम होईल. आमच्यासारख्या उभ्या काठाला मुळं धरायच्या आत पूर येतो.

एक गोष्ट दोन्हींना सारखी. भिंत जिथं संपते तिथं पाणी भोवरा धरतं आणि शेजाऱ्याचा काठ कापायला लागतं. दोन्ही टोकं काठात आत वळवून घ्या, शेजाऱ्याला आधी सांगा आणि पाटबंधारे खात्याची परवानगी काढा. काम धरायचं ते ऊस तुटून गेल्यावर, आणि खालच्या बंधाऱ्यातलं पाणी उतरलेलं बघून. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या असल्या की पाणी तटून राहतं आणि पायाची पहिली पेटी टाकायची जागाच पाण्याखाली असते.