सकाळची किरकिर आणि माझे 11,400 रुपये

नागपुरात मानेवाड्याला आमची वॅगन-आर उघड्यावरच उभी असते. यंदा जुलैत झड लागली तशी गाडी रोज सकाळी कुरकुरू लागली. पहिला ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून किर्रर्र. तुकडोजी पुतळ्याच्या चौकापर्यंत पोचलो की आवाज गायब, आणि संध्याकाळी परत येताना काहीच नाही. हे सगळं मला दिसत होतं. त्याचा अर्थ काय, एवढंच मी कोणाला विचारलं नाही.

त्याऐवजी रिंग रोडवरच्या एका गॅरेजात गेलो. नाव लिहीत नाही. मालक बोलायला मोठा गोड. 'कपडे खराब होतील जी' म्हणून मला बाहेर खुर्चीवर बसवलं, चहा पाजला. वीस मिनिटांनी हातात एक ब्रेक पॅड घेऊन आला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दाबून गाडी थांबवते ती पट्टी. तिच्यावरचा घासणारा मसाला पार संपलेला, मागची लोखंडी पाटी उघडी पडून तिच्यावर ओरखडे.

"हे पाहा सर. आता डिस्कच खाऊन राह्यली. लेकरं बसतात न मागं? मंग रिस्क कायले घेता?"

लेकरांचं नाव काढलं की माणूस पाकिटात हात घालतो. मीही घातला. दोन डिस्क 6,200, पॅडचा सेट 2,400, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची सर्व्हिस 1,600, मजुरी 1,200. एकूण 11,400. पावती म्हणजे वहीतून फाडलेला कागद. 'पक्कं बिल पाहिजे तं जीएसटी वरून लागेल,' म्हणाला, आणि मीही हुशारी करून कच्च्यावर भागवलं. जुने सुटे भाग मागावेत हे सुचलंच नाही.

आठ दिवसांत नवीनच प्रकार सुरू झाला. आता सकाळ-संध्याकाळ, ऊन असो की पाऊस, प्रत्येक सिग्नलला चीं. बाजूचे दुचाकीवाले वळून पाहायचे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी प्रश्नच विचारले. आवाज पहिल्या दोन-चार ब्रेकलाच येतो की दिवसभर? किर्र की घर्रर्र? पेडल थरथरते का? गाडी एका बाजूला ओढते का? मी आधीची हकीकत सांगितली, तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाबू, डिस्क बिडाची असते. रातभर ओली राहिली की तिच्यावर गंज धरतो. चार ब्रेक मारले की पॅडच पुसून काढतो तो. त्याच्यासाठी गॅरेज?"

रविवारी चाक उघडलं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, जॅक लावायच्या आधीच नट सैल, आणि चाक काढून गाडीखाली सरकवलेलं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकावी, माणसावर नाही. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हा त्यांचा दुसरा नियम.

मग काकांनी माझी 'नवी' डिस्क दाखवली. मधला उंच भाग चंदेरी रंगाने चकचकीत, पण रंगाचे शिंतोडे चाकाच्या बोल्टांवरही उडालेले. कडेला बोट फिरवायला लावलं. बोटाला चक्क उंबरठा लागला. पॅड घासून घासून डिस्कचा मधला पट्टा झिजतो आणि कडेची धार उरते. नव्या डिस्कला ही धार नसतेच. माझीच जुनी डिस्क पॉलिश पेपरने घासून, रंग मारून मला विकली होती. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान मापाच्या बरीच वर. म्हणजे ती बदलायची गरजच नव्हती.

आणि तो झिजलेला पॅड? काका हसले. पॅड तितका संपला असता तर किर्र नाही, घर्रर्र झालं असतं, आणि डिस्कवर नख अडकेल अशा चऱ्या पडल्या असत्या. माझी डिस्क गुळगुळीत. तसा एखादा पॅड गॅरेजच्या फळीवर दाखवायला ठेवलेलाच असतो म्हणे. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जिभली असते. मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. ती ओरड मात्र खरी, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं नाही.

पॅड तेवढे नवे होते, कुठलेतरी बिननावाचे. पॅडच्या पाठीला लागणारी पातळ पत्र्याची शिम बसवलीच नव्हती, आणि कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या ठणठणीत. 1,600 रुपयांची 'सर्व्हिस' ती हीच. शिम नसली की पॅड कॅलिपरमध्ये थरथरतो, आणि ती थरथर म्हणजेच चीं. थोडक्यात, गाडीला नसलेला आजार मी पैसे देऊन आणला.

इलाज साडेचारशेत झाला: शिम आणि ब्रेकच्या ग्रीसची पुडी. पिना पुसून ग्रीस लावलं, शिमच्या पाठीला बोटाने अगदी पातळ थर. साधं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं. मसाल्याला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही नको, नाहीतर ब्रेकच लागणार नाही. आवाज बंद करायला तिथे तेल मारणारे महाभाग काकांनी पाहिलेत. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेने बांधून ठेवला. शेवटी गाडी सुरू करायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं. हे विसरलात तर पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. पेडल स्पंजासारखं लागलं किंवा तेल गळताना दिसलं, तर घरी खटाटोप न करता गाडी टो करून न्यायची, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी तो कागद घेऊन गॅरेजात गेलो. मालक म्हणाला, "सर, याच्यावर आमचं नाव कुठी हाय?" खरंच नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मला पाठ आहे, पण तक्रारीला जोडायला माझ्याकडे वहीचं पान होतं, तेही बिनानावाचं. जीएसटीचे दोन हजार वाचवले होते ना मी.

परवा रात्रभर पाऊस झाला. सकाळी गाडी चौकापर्यंत कुरकुरली, मग गप्प झाली. मागून बायको म्हणाली, "दाखवून घ्यायचं का?" मी रेडिओचा आवाज वाढवला.