साडेतीन तारे, रिकाम्या वेलमधल्या जांभळ्या रंगापायी

चार वनस्पतींचे अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तपासायचे होते. आमच्याकडे पेशी वाढवायची सोय नाही, म्हणून बाहेरच्या एका प्रयोगशाळेला काम दिलं. नाव मुद्दाम लिहीत नाही.

सुरुवात छान झाली. फॉर्ममध्येच विचारलं होतं, अर्क कशात विरघळतो, पानांचा की सालीचा, आणि डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) शेवटी अर्ध्या टक्क्याच्या आत राहील का. असं विचारणारे लोक कामाचे असतात. डीएमएसओ जास्त झालं की त्यानेच पेशी मरतात आणि श्रेय बिचाऱ्या वनस्पतीला जातं. अहवालासोबत पेशींचा एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पटवलेली ओळख) होता, मायकोप्लाझ्मा हे जिवाणू पेशींत शिरलेले नसल्याचा दाखलाही. हे नुसतं कागदी सोपस्कार वाटत असेल तर एमडीए-एमबी-४३५ ही पेशींची जात आठवा. वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली आणि शेवटी निघाली मेलॅनोमाची.

वेळेचं विचारू नका. तीन आठवडे म्हणाले, सात लागले.

आता मुख्य गोष्ट. डाळिंबाच्या सालीचा अर्क सगळ्यात जास्त कॉन्सन्ट्रेशनला दिला, तर अहवाल म्हणे जिवंत पेशी ११८ टक्के. म्हणजे मारायला गेलो आणि पोसून आलो! आधी वाटलं, अर्कात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखं काही असेल; तपासलेल्या पेशींपैकी एमसीएफ-७ ही जात इस्ट्रोजेनवर पोसणारीच आहे. पण एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या जातीमध्येही आकडा शंभरच्या वर. तिच्यात इस्ट्रोजेन पकडणारा रिसेप्टरच नाही, ती कशाला खूश होईल?

संशय एमटीटी चाचणीवर गेला. या चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगाचं जांभळं फॉर्मझान करतात आणि तो जांभळेपणा ५७० नॅनोमीटरला मोजतात. पण सालीतली टॅनिनं (तुरट द्रव्यं) हे काम पेशींशिवायही करू शकतात. कच्ची रीडिंग मागितली. चार मेल आणि दोन फोननंतर एक्सेल फाइल आली. पेशींशिवाय नुसत्या अर्काचा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) ठेवलाच नव्हता.

तेवढं आम्हालाही जमण्यासारखं होतं. प्लेटमध्ये मीडियम (पेशींचं पोषक द्रव), अर्क आणि एमटीटी घातलं, पेशी एकही नाही. चार तास ३७ अंशांवर ठेवलं. झाकण काढलं तर पहिला वेल (प्लेटमधला खळगा, गुळवेलीचा नव्हे) गडद जांभळा, पुढचे, अर्क कमी होत गेला तसे, फिकट होत गेलेले आणि शेवटचे दोन पिवळेच. मोबाइलवर फोटो काढून पाठवला, सोबत एक शब्दही लिहिला नाही.

इथे त्यांचं कौतुक करायला हवं. वाद न घालता त्यांनी डाळिंबाचा अर्क एसआरबी या दुसऱ्या रंगाने पुन्हा तपासला, जादा पैसे न घेता. एसआरबी पेशींमधल्या प्रथिनांना रंगवतं, त्यामुळे टॅनिनांची लुडबुड तिथे चालत नाही. ११८ टक्क्यांच्या जागी आता निम्म्याहून कमी पेशी उरलेल्या दिसल्या. पहिल्याच अहवालावर मी तो अर्क बाद करून मोकळी झाले असते.

दुसरी कुरकुर गुळवेलीच्या निकालाची. आयसी-५० म्हणजे निम्म्या पेशी थांबवणारं कॉन्सन्ट्रेशन. ते छापलं होतं ४१२.६ मायक्रोग्रॅम प्रति मिली, आणि तपासलेलं सगळ्यात जास्त कॉन्सन्ट्रेशन होतं २००! रेघ सॉफ्टवेअरने पुढे ओढली, आकडा दशांशासकट आला. '२०० पेक्षा जास्त' एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. तसंही कच्च्या अर्काचा आकडा वीस-तीसच्या आत असेल तरच पुढे जाण्यात अर्थ असतो.

एमसीएफ-१०ए सारख्या बिनकर्करोगी पेशींवरची चाचणीही त्यांनी आपणहून सुचवली नाही. त्याही तितक्याच मरत असतील तर तो अर्क नुसता विषारी. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाचा कंट्रोल मात्र प्रत्येक प्लेटवर होता आणि तीनही खेपांचे आकडे एकमेकांशी जुळत होते.

पुढची खेप त्यांनाच देतेय. परवा नवा फॉर्म आला, त्यात एक रकाना वाढलाय: 'पेशीविरहित कंट्रोल हवा का?' हवा का, म्हणे! तो न विचारता ठेवायचा असतो. कापलेला अर्धा तारा परत मिळणार नाही.